पावती मागायला तुम्हीच शिकवलंत : ग्राहक चळवळीला एका दुरुस्तीवाल्याचं खुलं पत्र

मुंबई ग्राहक पंचायत आणि शहरातल्या ग्राहक चळवळीचे सगळे कार्यकर्ते यांना,
स. न. वि. वि.

विक्रोळी पूर्वेला, कन्नमवार नगरात माझं घरगुती उपकरणं दुरुस्त करायचं दुकान आहे. मिक्सर, गीझर, वॉशिंग मशीन, ओव्हन. एसी करत नाही. ही शेवटची गोष्ट पुढे कामाला येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

ग्राहकांच्या संघटनेला दुकानदाराने पत्र लिहिलं की लोकांना वाटतं, आला हा रडगाणं घेऊन. पण मी तुमच्याच अंगणात वाढलोय. आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांचा, एकत्र सामान मागवणारा, पंचायतीचा संघ होता. महिन्याचं सामान आलं की वाटपाच्या दिवशी आम्ही पोरं पिशव्या धरून जिन्यात उभी. वजन बघून घे, तारीख वाच, पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस, हे आईने मला शाळेच्या आधी शिकवलं आणि आईला ते तुम्ही शिकवलंत. १९७५ पासून तुम्ही हे काम करताय. म्हणून हे पत्र दिल्लीला किंवा एखाद्या कंपनीला न लिहिता तुम्हाला लिहितोय.

विषय आहे ऑनलाइन रिव्ह्यूंचा. आमच्यासारख्या छोट्या सेवा देणाऱ्यांचा, म्हणजे दुरुस्तीवाले, शिंपी, पार्लरवाल्या, प्लंबर, डबेवाल्या ताई, गल्लीतले डॉक्टर यांचा धंदा आता त्या पाच ताऱ्यांवर चालतो आणि त्यांच्यावरच बसतो.

पूर्वी असं नव्हतं, कारण पूर्वी गरज नव्हती. कन्नमवार नगर ही म्हाडाची वसाहत. चार मजली बिल्डिंगा, सगळे एकमेकांना ओळखणारे. मिक्सर नीट झाला की तळमजल्यावरच्या काकू तिसऱ्या मजल्यावर सांगायच्या, नाही झाला तर चौथ्या मजल्यापर्यंत सांगायच्या. आता पुनर्विकास आला. जुनी माणसं भाडं घेऊन ठाण्या-बदलापूरला गेली, काही परत आली, काही तिकडेच रुळली. नव्या टॉवरमध्ये जी कुटुंबं आली त्यांना शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाचं नाव माहीत नाही, तर माझं कुठून असणार? मशीन बंद पडलं की ते फोन उघडतात, ‘जवळचा दुरुस्तीवाला’ असं शोधतात आणि वरच्या दोघा-तिघांना फोन लावतात. यात त्यांचं काहीच चुकत नाही. मी नव्या भागात राहायला गेलो तर मीही तेच करीन.

महापालिकेने दुकानाच्या पाट्या मराठीत लावायला लावल्या, मुदत उलटल्यावर नोटिसाही दिल्या. माझी पाटी आधीपासूनच मराठीत होती आणि मोठ्या अक्षरात होती. ती आता कोण वाचतं, हा प्रश्नच आहे.

रिव्ह्यूंचं भलंही सांगतो, नाहीतर एकांगी होईल. आमच्या धंद्यात चोर भरपूर आहेत. एसीवाला येतो आणि दरवर्षी ‘गॅस संपलाय’ म्हणून हजारो रुपये घेतो. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. गळती असेल तरच कमी होतो, आणि गळती न शोधता नुसता भरला तर पुन्हा जातो. शिवाय कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर असल्याचं भासवून खोटे नंबर नकाशावर टाकणाऱ्या टोळ्या आहेत. अशांना लोकांनी रिव्ह्यू लिहूनच उघडं पाडलं. आमच्याच भागात एक मुलगी घरी जाऊन ब्युटी पार्लरचं काम करते. तिच्याकडे गाळा नाही, डिपॉझिट भरायला पैसे नाहीत. तिला पवईच्या सोसायट्यांमध्ये कामं मिळाली ती फक्त चांगल्या रिव्ह्यूंमुळे. दहा वर्षांपूर्वी तिला कुठल्यातरी मोठ्या पार्लरात पगारावरच राबावं लागलं असतं. तेव्हा रिव्ह्यू बंद करा, असं मी म्हणत नाही.

आता माझी गोष्ट. पावसाळ्यात एका टॉवरमधून फोन आला, फ्रंट लोड मशीन सुरूच होत नाही. फोनवरच सांगितलं, येऊन बघायचे तीनशे रुपये, काम करून घेतलंत तर बिलात वळते. गेलो, मागचं झाकण काढलं, आतला सर्किट बोर्ड काढला. बोर्डावर झुरळांची घाण, ओल धरलेली, रिलेच्या पायाशी ट्रॅक जळून काळा झालेला. मी तो बोर्ड साहेबांना खिडकीपाशी नेऊन दाखवला. म्हटलं, नवा बोर्ड कंपनीकडून महाग पडेल. दुरुस्तीला देतो, पण चालेलच अशी हमी देत नाही. साहेब म्हणाले, काहीच केलं नाही तर पैसे कसले? मी वाद घातला नाही, मशीन होतं तसं बंद करून निघालो. रात्री दुकानाच्या प्रोफाइलवर एक स्टार : ‘फ्रॉड माणूस. चांगला बोर्ड बिघडवून गेला.’ त्याच रात्री आणखी दोन एक-स्टार आले, मी कधी न ऐकलेल्या नावांनी. त्यातल्या एकात लिहिलं होतं की मी एसीचा कॉम्प्रेसर जाळला.

एसी मी करत नाही. पाटीवर नाही, प्रोफाइलवर नाही. तेवढं एक तरी निघेल म्हणून तक्रारीचं बटण दाबलं. उत्तर आलं की धोरणाचं उल्लंघन आढळत नाही. कुणी बघितलं, काय बघितलं, कळायला मार्ग नाही. या साइटींचं म्हणणं साधारण असं असतं की व्यवसाय आणि ग्राहक यांच्यात खरं काय घडलं याबद्दल वाद असेल तर आम्ही मध्ये पडत नाही. त्यांच्या बाजूने बघितलं तर समजतं. रोज लाखो रिव्ह्यू येत असताना विक्रोळीतला बोर्ड आधीच जळला होता की नंतर, हे ते कुठून ठरवणार? पण मग निकाल तरी का छापता, असं विचारावंसं वाटतं.

थोडं गणित करू, कारण हे गणित दुकानदारांनाही माहीत नसतं. समजा एका दुकानाला १९ रिव्ह्यू आहेत आणि सगळे पाच स्टार. एक एक-स्टार आला की सरासरी ४.८. तीन आले की ४.४५. तिथून पुन्हा ४.८ वर यायला ओळीने ३८ गिऱ्हाइकांनी पाच स्टार द्यावे लागतात. आणि दुरुस्तीचं खूश गिऱ्हाईक रिव्ह्यू लिहीतच नाही. मिक्सर फिरायला लागला की ते माझं नाव विसरतं, जे बरोबरच आहे. तेच तीन एक-स्टार दोन हजार रिव्ह्यू असलेल्या मॉलमधल्या दुकानाला पडले तर ४.५ चं ४.४९५ होतं, म्हणजे दिसतसुद्धा नाही. मार तोच, पण एकाला कळतही नाही आणि दुसरा आडवा होतो.

हे नुसतं माझं दुखणं नाही. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी २०११ मध्ये सिअॅटल शहरातल्या उपाहारगृहांच्या कमाईचा आणि येल्प या साइटवरच्या रेटिंगचा मेळ घालून बघितला. एक स्टार वाढला की कमाई ५ ते ९ टक्के वाढते असं निघालं, पण ते स्वतंत्र हॉटेलांच्या बाबतीत. साखळी हॉटेलांवर परिणाम दिसला नाही. त्यांच्याकडे आधीच नाव असतं. ज्याच्याकडे नाव नाही त्याला तारा उचलतो आणि त्यालाच आपटतो. विक्रोळी म्हणजे सिअॅटल नाही, हे मान्य. पण नवा टॉवर आणि अनोळखी दुकान असं समीकरण असलं की फार फरक पडत नाही.

माझ्याहून वाईट अवस्था आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांची आहे. मला निदान खाली उत्तर लिहिता येतं की बोर्ड आधीच जळलेला होता, जुना भाग दाखवला होता. त्यांना एका पेशंटने लिहिलं, ‘आईला चुकीची गोळी दिली.’ त्या आईला काय होतं, आधी कोणत्या गोळ्या चालू होत्या, घरच्यांनी काय लपवलं, हे डॉक्टर चारचौघांत लिहू शकत नाहीत. पेशंटची गोष्ट बाहेर सांगायची नाही, हा त्यांच्या पेशाचा नियम. म्हणजे ज्याच्याकडे सगळ्यात मोठं उत्तर आहे त्याच्याच तोंडाला कुलूप. शेवटी त्यांनी ‘आपण क्लिनिकला येऊन भेटा’ एवढंच लिहिलं. ते वाचून आणखी चार जणांना वाटलं असणार, यांच्याकडे उत्तरच नाही.

आता तुम्हाला विचारायचं ते हे. माझ्याविरुद्ध वांद्र्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात कुणी तक्रार केली तर काय होतं? पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारदाराला शुल्क भरावं लागत नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्याला दाखवावं लागतं की त्याने माझ्याकडून सेवा घेतली होती. तक्रारीची प्रत मला मिळते. उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात, कारण असेल तर आणखी १५. घटनेला दोन वर्षं होऊन गेली असतील तर सहसा तक्रार घेत नाहीत. निकाल पटला नाही तर वर जाता येतं. १९८६ च्या जुन्या कायद्यात तर उगाच छळायला केलेली तक्रार फेटाळून तक्रारदाराकडून दहा हजार रुपयांपर्यंत खर्च वसूल करायची तरतूद होती. हे सगळं ग्राहकाच्या बाजूने झुकलेलं आहे आणि तसंच असायला हवं. तरीसुद्धा त्यात समोरच्याची बाजू ऐकून घेणं आहे. तुमच्या चळवळीने लढून मिळवलेल्या व्यवस्थेत एवढी सभ्यता आहे.

ताऱ्यांच्या व्यवस्थेत यातलं काहीच नाही. पावती नाही, प्रत नाही, मुदत नाही. आयोगात दोन वर्षांनी मरणारी तक्रार इथे कायम जिवंत. आमच्याकडे एका शिंपीणबाईंच्या दुकानावर सात वर्षांपूर्वीचा एक-स्टार आहे. तो त्यांच्या आधी त्या गाळ्यात असलेल्या माणसाच्या कामाबद्दल आहे. बाईंचा ब्लाउज मी घालत नाही, पण माझी बायको घालते आणि तिच्या मापाच्या तक्रारी मी आजवर ऐकलेल्या नाहीत.

सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी मानक आणलं, आयएस १९००० : २०२२. रिव्ह्यू लिहिणाऱ्याचा ईमेल किंवा फोन पडताळावा, साइटीने तपासणीची पद्धत ठेवावी, वगैरे. गूगल, मेटा, अॅमेझॉन, फ्लिपकार्ट, झोमॅटो अशा बड्या कंपन्यांशी त्याआधी बोलणी झाली. मानक आलं ते ऐच्छिक म्हणून. मग मे २०२४ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने ते बंधनकारक करायचा विषय बैठकीत घेतला. या सगळ्यात भर होता तो खोट्या पाच ताऱ्यांना ग्राहक भुलू नये यावर. खोट्या एका ताऱ्याने दुकान बसतं, ही बाजू मांडायला तिथे कोण होतं? विक्रोळीचा मिक्सरवाला नक्कीच नव्हता. आणि ग्राहक संरक्षण कायद्याची वाट मला बंद आहे, कारण त्या साइटीला मी एक पैसाही देत नाही. मोबदला दिल्याशिवाय माणूस त्या कायद्यात ‘ग्राहक’ होत नाही. माझं प्रोफाइल मी बनवलं नाही तरी दुसरा कुणीही बनवू शकतो. मी तिथे असायलाच हवं, पण कुणाच्याच खात्यात माझी नोंद नाही.

एक वाट आहे, ती पुतण्याने शोधून दिली. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे प्रत्येक साइटीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, आणि त्याच्या निर्णयावर २०२३ मध्ये नेमलेल्या अपील समित्यांकडे ऑनलाइन जाता येतं. मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या एकाही दुकानदाराला हे माहीत नव्हतं. तुमच्या एखाद्या व्याख्यानात हे सांगितलंत तरी शंभर जणांचं काम होईल.

हा बाजार किती सडलाय त्याचं एक टोक आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये येऊन गेलंय. ‘घरबसल्या काम, हॉटेलांना पाच स्टार द्या, दर रिव्ह्यूचे ५० रुपये.’ सुरुवातीचे दोन-तीनशे खरंच खात्यात येतात. मग टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये ओढतात, ‘प्रीपेड टास्क’ म्हणून आधी पैसे भरायला लावतात आणि माणूस लाखाला बुडतो. मुंबईच्या सायबर पोलिसांकडे अशा तक्रारींची कमी नाही. बुडालेल्याने १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा, हे आता सगळे सांगतात. पण बुडण्याआधी त्याने जे पाच स्टार टाकले त्यांचं काय होतं, हे कुणी विचारत नाही. ते तिथेच राहतात, आणि कुणीतरी ते वाचून जेवायला जातं. दुसरं टोक माझ्या दुकानात येतं. ‘सर, तुमचं रेटिंग पडलंय, महिन्यात वर आणून देऊ’ असे फोन येतात. समोरच्याचं खाली आणायचे दर काय, असं मी मुद्दाम विचारलं, तर तो हसून म्हणाला, तेही बघू. आमच्यातले काही जण पैसे देतात. कर्ज काढून गाळा घेतलेल्या माणसाला तुम्ही कुठल्या तोंडाने ‘देऊ नकोस’ म्हणणार?

आता मागणं. एकच आहे, त्याला दोन बाजू आहेत.

रिव्ह्यूलाही पावती लागू दे. सेवा घेतल्याचा काहीतरी पुरावा साइटीकडे जावा : बिलाचा नंबर, यूपीआयचा व्यवहार, नाहीतर दुकानाशी ज्या फोनवरून संपर्क झाला तो नंबर. हा पुरावा फक्त साइटीने बघावा, जगाला दिसता कामा नये आणि मलाही दिसता कामा नये. हे मी जोर देऊन सांगतो, कारण दुरुस्तीवाल्याला गिऱ्हाइकाचं घर माहीत असतं. एकटी राहणारी बाई माझ्याबद्दल वाईट लिहिताना, हा उद्या दारात येईल का, असा विचार करीत असेल तर ती लिहिणारच नाही. तिची भीती माझ्या रेटिंगपेक्षा मोठी आहे. अब्रुनुकसानीची नोटीस धाडून गिऱ्हाइकाला गप्प बसवणारे व्यावसायिकही आहेत, त्यांच्या रांगेत मला बसवू नका. नाव गुप्त राहू दे, व्यवहार खरा असू दे. ज्याला पुरावा नाही त्याचा रिव्ह्यू हवा तर दाखवा, पण सरासरीत धरू नका. आणि दोन वर्षांपेक्षा जुनं सरासरीतून काढा. तक्रारीला जी मुदत, तीच ताऱ्याला.

दुसरी बाजू आमची. पुरावा मागायचा तर आम्ही पावती द्यायला हवी, आणि आमच्या धंद्यात अर्धे लोक देत नाहीत. दुकानाची गुमास्ता नोंदणी आहे, क्यूआर कोड आहे, बिलबुक नाही. का नाही, ते मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही. तेव्हा तुम्ही आम्हाला धरा. प्रत्येक कामाला क्रमांक असलेली पावती, तिच्यावर बदललेल्या भागाचं नाव, किती दिवसांची हमी, आणि काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात परत. लोहार चाळीच्या बाजारातून आणलेला मोटारीचा कार्बन ब्रश आणि कंपनीचा कार्बन यातला फरक पावतीवर लिहायला दुकानदाराला जड जातं. लिहू द्या त्याला. तुमच्या ग्राहक मार्गदर्शन केंद्रांतून ‘पावती देणारी दुकानं’ अशी वॉर्डनिहाय यादी निघाली तर मी पहिलं नाव घालायला तयार आहे. यादीत तारे नकोत. फक्त एवढंच असावं, की या दुकानाशी वाद झाला तर ते समोर येऊन बसायला तयार आहे.

हे तुम्ही का करावं? कारण मानकांच्या आणि नियमांच्या बैठकीला ग्राहक संघटनांना खुर्ची मिळते, आम्हाला मिळत नाही. आणि बिनपावतीचं रेटिंग आम्हाला जसं बुडवतं तसं ग्राहकालाही फसवतं. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४ मध्ये खोटे रिव्ह्यू विकत घेण्या-विकण्यावर थेट बंदी घातली, ब्रिटननेही २०२५ मध्ये कायदा लागू केला. म्हणजे अशक्य काही मागत नाहीये.

गणपतीच्या आधी ओव्हन आणि मिक्सरची गर्दी असते, दिवाळीच्या आधी तर भाजणी-चकलीच्या घाईत श्वास घ्यायला वेळ नसतो. मधल्या पंधरवड्यात थोडी उसंत मिळते. त्या दिवसांत विलेपार्ल्याच्या ग्राहक भवनात तासभर वेळ द्याल का? मी एकटा येणार नाही. शिंपीणबाई येतील, पार्लरचं काम करणारी मुलगी येईल, डॉक्टर येतील म्हणालेत, आणि बिलबुक न ठेवणारा एक प्लंबरही आणीन, म्हणजे त्याला तुमच्याकडून दोन शब्द ऐकायला मिळतील. टॉवरमधल्या त्या साहेबांनाही निरोप पाठवला आहे. येतील की नाही, माहीत नाही. जळलेला बोर्ड अजून त्यांच्याकडेच असेल, तर तोही बघता येईल.

आपला,
एक दुरुस्तीवाला (आणि पंचायतीच्या संघातल्या बाईचा मुलगा)
कन्नमवार नगर, विक्रोळी पूर्व, मुंबई